नदीतून वाहून नेलेली राजधानी



आज जायचंय चीनमधल्या शिआन शहरात. याचं जुनं नाव छांगआन, अर्थ साधारण ‘कायमची शांती’. हान आणि तांग या चीनच्या दोन मोठ्या राजघराण्यांची राजधानी इथे होती. तांग काळात, म्हणजे इ.स. ६१८ ते ९०७ मध्ये, जगातल्या सगळ्यात मोठ्या शहरांत याची गणती होत होती. लोकसंख्या दहा लाखांच्या आसपास असावी, असं इतिहासकार सांगतात. रेशीम मार्गाचं पूर्वेकडचं टोक ते हेच. कामानिमित्त चीनला गेलो होतो, काम संपल्यावर चार दिवस जोडून घेतले आणि ते सगळे इथेच घालवले.

एक गोष्ट आधीच सांगतो. शिआन म्हटलं की सगळ्यांना ते मातीचे सैनिक आठवतात. १९७४ साली विहीर खणताना शेतकऱ्यांना सापडले ते. मी पाहिले, भारी आहेत. पण ते शहराच्या पूर्वेला तीस-पस्तीस किलोमीटरवर आहेत आणि छिन सम्राटाच्या समाधीचा भाग आहेत, तांग काळाच्या आठशे वर्षं आधीचे. त्यांच्यावर आज बोलणार नाही. आज बोलायचंय ते खुद्द राजधानीवर. कारण ही राजधानी बघायला तुम्ही शिआनला गेलात, तर ती तिथे नाहीये!

मॅप जुळत नाही

शिआनला उतरलं की पहिली दिसते ती तटबंदी. साधारण १२ मीटर उंच, आणि वर १२ ते १४ मीटर रुंद, म्हणजे वरून दोन बस आरामात शेजारून जातील. पूर्ण फेरी सुमारे १३.७ किलोमीटरची. वर सायकली भाड्याने मिळतात. मी दक्षिण दरवाजापाशी सायकल घेतली आणि पावणेदोन तासांत फेरी मारली. फोटो झाले, रील झालं. बहुतेक लोकांच्या डोक्यात इथे ‘प्राचीन राजधानी’ नावाचा कप्पा भरून जातो.

मग फोनवर मॅप उघडायचा आणि ‘मोठा रानहंस पॅगोडा’ शोधायचा. हा पॅगोडा तांग काळातला, इ.स. ६५२ मध्ये बांधलेला. छांगआन शहराच्या आत, वस्तीत असलेल्या एका मोठ्या मठातला. आता मॅपवर बघा. तो तटबंदीच्या बाहेर आहे. थोडाथोडका नाही, दक्षिण दरवाजापासून जवळजवळ चार किलोमीटर.

शहराच्या आतला मठ शहराच्या भिंतीबाहेर चार किलोमीटर कसा गेला?

मठ हललेला नाही. ही भिंत त्या शहराची नाही. आज आपण ज्यावर सायकल चालवतो ती तटबंदी मिंग घराण्याने १३७० च्या दशकात बांधली. तांग घराणं संपून तेव्हा साडेचारशे वर्षं उलटली होती. तांग काळातलं छांगआन पूर्व-पश्चिम सुमारे ९.७ किलोमीटर आणि दक्षिणोत्तर ८.६ किलोमीटर होतं. क्षेत्रफळ ८४ चौरस किलोमीटर. आजच्या तटबंदीच्या आत मावतं ते त्याचा साधारण सातवा हिस्सा. म्हणजे तेरा किलोमीटर पायडल मारून आपण मूळ शहराच्या एका तुकड्याभोवतीच फिरलेलो असतो.

मग उरलेले सहा हिस्से गेले कुठे? माझ्या चार दिवसांचा बराचसा वेळ याच प्रश्नात गेला.

रात्री कुलूप लागणारं शहर

आधी ते शहर डोळ्यांसमोर आणू. छांगआन हळूहळू वाढलेलं गाव नव्हतं. स्वै घराण्याच्या सम्राट वेन याने इ.स. ५८२ मध्ये जुनी हान राजधानी सोडून तिच्या आग्नेयेला कोऱ्या जमिनीवर नवं शहर काढलं. एक कारण अगदी घरगुती होतं: आठशे वर्षांच्या वस्तीने जुन्या शहरातलं पाणी मचूळ झालं होतं. युवेन काई नावाच्या अधिकाऱ्याने आराखडा केला. स्वै घराणं काही दशकांतच गेलं, शहर तांगांच्या हातात आलं.

आराखडा म्हणजे पक्का ग्रिड. मधोमध दक्षिणोत्तर एक मुख्य रस्ता, रुंदी सुमारे १५० मीटर. फुटबॉलचं अख्खं मैदान त्यावर आडवं ठेवलं तरी दोन्ही बाजूंना जागा उरेल. रस्त्याच्या उत्तर टोकाला राजवाडा आणि सरकारी कचेऱ्या. बाकी शहर शंभरावर चौकोनांत वाटलेलं. त्यांना मी पेठा म्हणतो, तेवढंच आपलं वाटतं. फरक इतकाच की यातल्या प्रत्येक पेठेला स्वतःची भिंत होती आणि भिंतीला दरवाजे.

आणि हे दरवाजे रात्री बंद व्हायचे. सूर्य मावळला की रस्त्यांवरचे नगारे वाजायला लागायचे. शेकडो ठोके. ते थांबायच्या आत आपापल्या पेठेत शिरायचं. त्यानंतर मुख्य रस्त्यावर सापडलात तर तांग कायद्याप्रमाणे छडीचे वीस फटके. आजारपण, मयत, सरकारी काम अशी कारणं असतील तर सूट. पेठेच्या आत मात्र रात्री फिरायला हरकत नव्हती. वर्षातून एकदा, नव्या वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला, तीन रात्री ही बंदी उठायची आणि कंदिलांच्या उजेडात सगळं शहर रस्त्यावर यायचं.

बाजारही असेच शिस्तीचे. पूर्व बाजार आणि पश्चिम बाजार. दुपारी नगाऱ्याच्या तीनशे ठोक्यांनी उघडायचे आणि सूर्यास्ताआधी घंटेच्या तीनशे टोल्यांनी बंद. पश्चिम बाजारात मध्य आशियातले सोग्दी व्यापारी, इराणी लोक, उंटांचे तांडे. शहरात बौद्ध मठ होते, ताओ मंदिरं होती, झरथुष्ट्राच्या अनुयायांची अग्निमंदिरं होती आणि सीरियाच्या परंपरेतले ख्रिस्तीही होते.

आता गंमत ऐका. त्या पॅगोड्यासमोर आज एक मोठा पादचारी रस्ता आहे. दिव्यांचा लखलखाट, तांग काळातले पोशाख भाड्याने घेऊन फोटो काढणारी तरुण मुलं-मुली, खाण्याचे स्टॉल, नाच. रात्री दहा वाजता तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. या जागेचं चिनी नाव आहे ‘महान तांगांचं रात्र नसलेलं शहर’. मूळ शहरात बाराशे वर्षांपूर्वी याच जागी इतक्या उशिरा कुणी रस्त्यावर दिसलं असतं, तर त्याला वीस फटके होते. मला तिथे मजा आली, खोटं कशाला बोलू. पण हा तांगांच्या नावाचा आजचा बाजार आहे, एवढं मनात ठेवून फिरलं की मजा कमी होत नाही आणि गैरसमजही होत नाही.

इ.स. ९०४

तर ते शहर गेलं कुठे?

तांग सत्ता आठव्या शतकाच्या मध्यापासून खिळखिळी होत गेली. ७५६ मध्ये आन लूशानच्या बंडखोरांनी राजधानी घेतली. ७६३ मध्ये तिबेटी सैन्य शहरात शिरलं. ८८१ मध्ये हुआंग चाओ या बंडखोराने ते काबीज केलं, आणि त्या काही वर्षांच्या लढाईत जाळपोळ आणि लूट दोन्ही बाजूंनी केली. तरी शहर उभं होतं.

शेवटचा घाव घातला तो जू वेन या सेनापतीने. सम्राट त्याच्या मुठीत होता. छांगआन त्याच्या प्रदेशापासून लांब, म्हणून त्याला दरबार पूर्वेला लुओयांग शहरात हलवायचा होता. आणि लोकांनी परत फिरू नये, मागे दुसऱ्या कुणाच्या हाती राजधानी लागू नये, म्हणून ९०४ साली त्याने शहरच उतरवलं. राजवाडे, कचेऱ्या, लोकांची घरं. लाकूड सुटं केलं, वेई नदीत सोडलं, तिथून पीत नदीने खाली लुओयांगकडे. लोकांना घरं सोडून पूर्वेकडे चालायला लावलं. रस्ताभर लोक रडत, शिव्याशाप देत चालले होते, अशी नोंद चिनी इतिहासग्रंथांत आहे. त्याच वर्षी लुओयांगमध्ये सम्राटाचा खून झाला. तीन वर्षांनी जू वेन स्वतः सम्राट झाला आणि तांग घराणं संपलं.

अख्खं शहर असं सुटं करता येतं? इथे बांधकामाची पद्धत समजून घ्यावी लागते. भिंती आणि चौथरे मातीचे: फळ्यांच्या मध्ये मातीचा थर टाकायचा, धुमसाने ठोकून घट्ट करायचा, मग पुढचा थर. त्यावर इमारतीचा सांगाडा लाकडाचा. खांब आणि तुळया एकमेकांत खाचा करून अडकवलेल्या, छताचं वजन सगळं खांबांवर. असा सांगाडा वेगाने उभा राहतो, भूकंपात बऱ्यापैकी टिकतो, आणि तितक्याच सहज उतरवताही येतो. लाकूड गेलं की मागे उरतो मातीचा चौथरा. त्याच्यावर पाऊस पडतो, नांगर फिरतो.

हे बघायचं असेल तर तटबंदीच्या उत्तरेला दामिंग राजवाड्याच्या जागेवर जा. तांग सम्राटांनी दोनशेहून अधिक वर्षं जिथून राज्य केलं, ती ही जागा. आज तिथे मोठं उद्यान आहे. मुख्य दरबाराचा चौथरा विटांनी मढवून जपलाय. वर चढलं की समोर मोकळं आवार. माझ्याबरोबर चढलेल्या एका कुटुंबातला लहान मुलगा वर पोहोचल्यावर चारही बाजूंना बघत राहिला, मग आईला हाताने खुणावून विचारलं, राजवाडा कुठाय? चिनी येत नसलं तरी हा प्रश्न मला समजला.

शहर रिकामं झाल्यावर तिथल्या एका सरदाराने उरलेल्या लोकांसाठी जुन्या सरकारी कचेऱ्यांच्या आवाराएवढंच छोटं शहर नव्याने बांधून घेतलं. मिंगांची तटबंदी त्याच आवारावरून वाढवलेली आहे. पॅगोडा तेव्हा भिंतीबाहेर, शेतात पडला.

मग उरलं काय?

मी नोकरीत डेटा सांभाळायचं काम करतो. आमच्याकडे साधा नियम आहे: जी गोष्ट एकाच ठिकाणी आहे, ती कधीतरी जाणार असं धरून चाला. शिआनमध्ये फिरताना सारखं जाणवलं की हा नियम इथल्या माणसांना तेराशे वर्षांपूर्वी माहीत होता.

पहिला पुरावा तोच पॅगोडा. तो बांधायला लावला युआन श्वांग या भिक्षूने. शाळेत आपण त्याला ह्युएनत्संग म्हणायचो. देशाबाहेर जायला बंदी असताना तो गुपचूप निघाला, भारतभर फिरला आणि ६४५ मध्ये वीस घोड्यांवर ६५७ ग्रंथ लादून छांगआनला परतला. त्याला भीती वाटत होती की काळ बदलेल, ग्रंथ विखुरतील किंवा आगीत जातील. लाकडाच्या शहरात आगीची भीती खरीच होती. म्हणून त्याने सम्राटाकडे ग्रंथ ठेवायला पक्कं बांधकाम मागितलं, आणि त्याच्या चरित्रात लिहिलंय की त्याने स्वतः टोपल्यांनी विटा वाहिल्या. पहिलं बांधकाम काही दशकांत खचलं, मग सम्राज्ञी वू झेत्यानच्या काळात, ७०४ च्या सुमारास, ते पुन्हा उभं केलं. आज सात मजली, ६४ मीटर उंच पॅगोडा दिसतो तो त्याचाच. शहराचं लाकूड नदीतून गेलं तेव्हा ही वीट जागेवर राहिली.

पण युआन श्वांगने नुसते ग्रंथ ठेवले नाहीत. परतल्यावर १९ वर्षं, मरेपर्यंत, तो भाषांतर करत होता. ७५ ग्रंथ, १,३३५ खंड. मठात बसून माणसांनी त्याच्या नकला केल्या, त्या कोरिया-जपानला गेल्या. भारतात संस्कृत मूळ हरवलेले कितीतरी बौद्ध ग्रंथ आज चिनी भाषांतरातूनच माहीत आहेत. पॅगोड्यापेक्षा हा बॅकअप पक्का निघाला.

दुसरी जागा म्हणजे दक्षिण दरवाजाजवळचं ‘शिलालेखांचं वन’ हे संग्रहालय. इथे ११४ दगडी पाट्या आहेत, दोन्ही बाजूंनी कोरलेल्या, सुमारे साडेसहा लाख अक्षरं. हाताने नकला करताना चुका वाढत जातात म्हणून ८३७ मध्ये कन्फ्युशियन ग्रंथांची प्रमाण प्रत दगडात कोरून ठेवली. कुणीही यावं, आपली पोथी ताडून घ्यावी. ९०४ नंतर शहर आक्रसलं तेव्हा या पाट्याही भिंतीबाहेर उघड्यावर पडल्या. काही वर्षांनी त्या आत आणल्या, आणि १०८७ मध्ये ल्यू दाझोंग या अधिकाऱ्याने आजच्या जागी हलवल्या.

या दाझोंगचा भाऊ ल्यू दाफांग. त्याने १०८० मध्ये, शहर जाऊन पावणेदोनशे वर्षं झाल्यावर, तांग छांगआनचा नकाशा करवून तो दगडावर कोरून ठेवला. तो दगडही फुटला. पण त्याचे काही तुकडे आणि कागदावर घेतलेले ठसे उरले. विसाव्या शतकात पुरातत्त्वज्ञांनी शेतांखाली छांगआनच्या भिंती आणि रस्ते शोधले, तेव्हा असे जुने नकाशे आणि वर्णनं हाताशी होती. एका भावाने शहराचे दगड वाचवले, दुसऱ्याने शहराचा आराखडा. या दोघांपैकी कुणीच ते शहर पाहिलेलं नव्हतं.

आणि तिसरी प्रत चीनच्या बाहेर आहे. जपानने ७१० मध्ये नारा इथे आणि ७९४ मध्ये क्योतो इथे राजधानी बांधली ती छांगआनचा ग्रिड समोर ठेवून. तिथल्या मुख्य रस्त्याचं नावसुद्धा तेच ठेवलं, लाल पक्ष्याचा रस्ता. चिनी उच्चार जूच्वे, जपानी सुझाकू.

आपल्या बाजूचा धागा

आता हे सगळं आपल्याशी कुठे जुळतं? थेट जुळतं.

युआन श्वांग इ.स. ६४१ च्या सुमारास महाराष्ट्रात आला होता. तेव्हा इथे चालुक्य राजा दुसरा पुलकेशी होता, ज्याने उत्तरेच्या हर्षाला नर्मदेवर रोखलं. युआन श्वांगने लिहिलं की इथली माणसं मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत. (हे ऐकून घरातल्या कुणाचा चेहरा डोळ्यांसमोर आला तर माझी जबाबदारी नाही.) राज्याच्या पूर्वेला डोंगरात कोरलेला एक विहार आणि दाराशी दगडी हत्ती, असंही वर्णन त्याने केलंय. बरेच अभ्यासक ते अजिंठ्याचं मानतात.

परत गेल्यावर ६४६ मध्ये त्याने हे सगळं छांगआनमध्ये आपल्या शिष्याकडून लिहून घेतलं. ते पुस्तक टिकलं, पुन्हा पुन्हा नकललं गेलं, छापलं गेलं. एकोणिसाव्या शतकात त्याचं फ्रेंच भाषांतर झालं आणि अलेक्झांडर कनिंगहॅम ते वर्णन हातात घेऊन उत्तर भारतात हरवलेली बौद्ध स्थळं शोधत फिरला. भारताच्या जुन्या स्थळांचे पत्ते छांगआनमध्ये लिहिलेल्या पुस्तकाने सांभाळले. ज्या शहरात ते लिहिलं गेलं त्या शहराचा स्वतःचा पत्ता मात्र दगडाच्या तुकड्यांतून जुळवावा लागला.

पॅगोड्याच्या वरच्या मजल्यावरून मी खाली बघत होतो. चारही बाजूंना रस्ते सरळ, काटकोनात. शेजारी एक आजोबा नातवाला काहीतरी दाखवत होते. मी मात्र विचार करत होतो की अजिंठ्याच्या दारातल्या हत्तींची गोष्ट या गावात कुणीतरी पहिल्यांदा चिनी अक्षरांत लिहिली होती. तेरा किलोमीटरच्या तटबंदीवर मला राजधानीत आल्यासारखं वाटलं नव्हतं, ते इथे वाटलं.

जाणार असाल तर

थोडं कामाचं सांगतो. मला विचाराल तर क्रम असा ठेवा. पहिल्या दिवशी दामिंगची मोकळी जागा, म्हणजे काय गेलं ते कळेल. मग शिलालेखांचं वन, म्हणजे काय कसं वाचवलं ते कळेल. मग पॅगोडा. तटबंदी शेवटी ठेवा, संध्याकाळी. तोवर ती कुणाची भिंत आहे हे तुम्हाला माहीत असेल, आणि वरून आत बघण्याऐवजी तुम्ही बाहेरच्या बाजूला बघाल. जुनं शहर तिकडे पसरलेलं होतं.

भूक लागली की मुस्लिम गल्लीत जा. रेशीम मार्गावरून आलेल्या व्यापाऱ्यांशी नातं सांगणारा हुई समाज तिथे राहतो. तिथे एक पदार्थ मिळतो: घट्ट पाव तुम्हाला आख्खा देतात, तो हाताने बारीक कुस्करायचा, मग ते त्यावर मटणाचा गरम रस्सा घालून आणतात. रश्श्यात भाकरी कुस्करून खाल्लेल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. शाकाहारी असाल तर पट्ट्यांसारखे रुंद नूडल्स मागा, पण मांस नको हे चिनीत लिहून फोनमध्ये ठेवा.

आजच्या भागापुरतं इतकंच. तुम्ही पाहिलेल्या एखाद्या ‘प्राचीन’ जागेचं बांधकाम खरं कोणत्या शतकातलं आहे, ते एकदा शोधून बघा आणि मला कळवा. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत काळजी घ्या, आणि फोनचा बॅकअप घेऊन ठेवा!